टाळीनंतरचे वाक्य

रविवारी सकाळी वडिलांनी फीत काढून आवाजाच्या खोलीची मापे पुन्हा घेतली. खरे तर ती त्यांना पाठ होती. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या ध्वनिमुद्रणासाठी ही पेटी त्यांनीच बांधली होती. खोलीच्या आत दुसरी छोटी खोली, दुहेरी फळ्या, मध्ये दाबून भरलेला कापूस आणि आतल्या बाजूने जुन्या रजया. दार इतके जड, की ते लावताना खांदा द्यावा लागे. कपाट करायचे तर ते दारातून बाहेर कसे जाईल याचा विचार आधी करावा, हा सुतारकामातला पहिला धडा. तो त्यांनी आजवर कधी मोडला नव्हता. ही पेटी मात्र कशी काढायची, याचा विचार बांधताना मनात आलाच नव्हता, हे आज कळत होते.

खोली आक्काची होती. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. चौतीस वर्षे तिने पहिलीच्या वर्गाला शिकवले. आईवडील लवकर गेल्यावर दोन्ही भावांना तिनेच वाढवले, आणि त्यात स्वतःचे लग्न करायचे राहूनच गेले. घरात रस्त्याकडे खिडकी नसलेली ही एवढीच खोली, म्हणून राणीसारखी खुर्चीत बसून तिनेच फर्मान काढले होते, की पोरीला ही द्या, मी मागे झोपेन. मागच्या खोलीतून न्हाणीघरात जायला दोन पायऱ्या उतराव्या लागत. गुरुवारी आक्का तिथेच घसरली.

शुक्रवारी तिच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. शनिवारी ताप चढला आणि कफ छातीत उतरला. किती वेळ पडून होत्या, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा आक्का म्हणाली, "आत्ताच घसरले." डॉक्टरांनी तिच्या पाठीवरचे वळ पाहिले, रक्ततपासणीचा कागद पाहिला आणि पुन्हा विचारले. आक्काने पुन्हा तेच सांगितले. चौतीस वर्षे मुलांच्या थापा पकडणाऱ्या बाईला स्वतःला नीट थाप मारता येत नव्हती.

अकरा वाजता धाकटा भाऊ बायकोला घेऊन आला. आक्का घरी आल्यावर तिला ठेवायचे कुठे, हे आज ठरायचे होते.

*

धाकटा भाऊ घड्याळे दुरुस्त करी. त्याच्या उजव्या डोळ्याभोवती भिंग लावून लावून एक गोल वळ पडला होता. कुठल्याही भांडणात तो आधी वेळ विचारी. घराच्या वाटणीच्या वेळीही त्याने तसेच केले होते आणि त्यानंतर तीन वर्षे भाऊ भावाशी बोलला नव्हता. आजही स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसल्या बसल्या त्याने सुरुवात केली.

"दादा, तू किती वाजता निघालास?"

वडिलांनी सांगितले, आठला. पूर्वी कारखाना घराला लागूनच होता. मधल्या दारातून आक्काची खाकर ऐकू येई, पण करवतीचा आवाज पेटीत शिरत होता. आधी दहा ते एक यंत्र बंद ठेवून पाहिले. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ लागले, म्हणून गेल्या वर्षी सगळा कारखाना उचलून पुलापलीकडच्या शेडमध्ये नेला. तोही आक्काच्याच आग्रहावरून.

"वहिनी?"

आई इस्पितळात परिचारिका होती. तिची पाळी सकाळी सातची. आधी ती दुपारची घेई, म्हणजे सकाळी घरात कोणीतरी असे. पण ती घरात असली की भांडी वाजत, नळ वाहे, शिवणयंत्र चाले. तिने पाळी बदलून घेतली.

असे एकेक करून सगळे बाहेर पडले होते. घर शांत करता करता घर रिकामे झाले, ही गोष्ट त्या टेबलाशी बसल्यावर पहिल्यांदाच सगळ्यांच्या एकदम लक्षात आली. ती बोलून मात्र कोणी दाखवली नाही.

"आणि ही?" काकाने पुतणीकडे न बघता विचारले.

मुलगी ओट्याला टेकून उभी होती. लहानपणी अखंड बडबड करी म्हणून आत्याने तिचे नाव साळुंकी ठेवले होते. आता ती घरात फारशी बोलत नसे. गळा जपायचा असे. वर्षभरापूर्वी घशाला सूज येऊन महिनाभर आवाज बसला, तेव्हापासून ती हवे-नको आत्याच्या जुन्या पाटीवर लिहून दाखवी. जो आवाज विकायला काढला, तो घरच्यांनाच ऐकू येईनासा झाला होता.

"दहा ते एक," ती म्हणाली. "सव्वाला बाहेर आले."

"आणि आक्का आंघोळीला जाते दहाला. शाळा सुटून बारा वर्षं झाली, पण वेळ सुटली नाही तिची." काकाने बोटे टेबलावर ठेवली. "ती म्हणते आत्ताच पडले. डॉक्टर म्हणतात, नाही. मला एवढंच कळू दे, माझी बहीण ओल्या फरशीवर किती वेळ होती."

मग काकाने मनात साठवलेले सगळे काढले. पोरीची औषधाच्या दुकानातली चांगली नोकरी होती, ती सोडली. कुणाही बोलत्या माणसाला आठ आठवड्यांत कलावंत करून देणाऱ्या त्या वर्गाला पैसे भरले. मग ध्वनिग्राहक, मग पेटी, मग आवाजाचे नमुने. नमुने पाठवले शेकड्यांनी आणि उत्तरे आली हाताच्या बोटांवर. "दोन वर्षांत मिळालं काय? एक लिफ्ट. 'दरवाजा बंद होत आहे.' झालं. दोन वर्षं घालवून पोरीनं एक दरवाजा बंद केला."

हा टोमणा त्याने पूर्वीही मारला होता आणि तेव्हा काकूनेच त्याला गप्प केले होते. मोठ्या दुकानातल्या त्या लिफ्टमधून ती एकदा तीन वेळा उगाच वर-खाली गेली होती, आणि शेजारच्या बाईला म्हणाली होती, आमची पुतणी बोलतेय. आज तिने फक्त हातातली पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

"काम मिळालंय भाऊजी," आई म्हणाली. "शाळेच्या पुस्तकाचं. चाळीस धडे. एकतीस झाले. बुधवारी द्यायचेत. हे नीट झालं तर पुढचं पुस्तकही तिलाच देणार आहेत."

"नाही झालं तर?"

"तर दुसऱ्या कुणाला."

"मग देऊ देत की दुसऱ्या कुणाला," काका म्हणाला आणि उठून मागच्या खोलीत गेला.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात शाळेची घंटा होती. पितळेची, लाकडी मुठीची. निवृत्तीच्या दिवशी शाळेने आक्काला ती दिली होती, आणि गुडघे दुखू लागल्यापासून ती तिच्या उशाशीच असे. काही लागले तर वाजवायची, असे ठरलेले. आंघोळीला जातानाही ती बरोबर न्यायची. काकाने घंटा वर धरली आणि हलवली. ती वाजली नाही.

तिच्या जिभेला बनातीचा, जाड लोकरी कापडाचा, तुकडा गुंडाळलेला होता. चारी बाजूंनी सारखा, बारीक सुतळीने आवळून. गाठ अशी नेटकी, की ती कुणाच्या हातची हे विचारायची गरज नव्हती.

"मी बांधली," वडील म्हणाले. "ती घेऊन चालली की वाजायची. आक्काच म्हणाली, बांधून दे."

"आक्का म्हणाली. आक्का तर सगळ्यालाच हो म्हणते. तुला अक्कल नको?"

"नव्हती."

एवढा एकच शब्द. काका भांडायला आला होता, पण समोरचा भांडतच नव्हता. वडील पुढे काही म्हणाले ते टेबलाला सांगितल्यासारखे, की कारखाना मी हलवला, घंटा मी बांधली, त्या दोन पायऱ्यांना कठडा लावायचा म्हणून लाकूड कापून ठेवले होते, तेही शेडमध्येच पडून आहे. बहिणीला मारायचे ठरवले असते तरी इतके व्यवस्थित जमले नसते.

"असं बोलू नका," आई म्हणाली.

"मग कसं बोलू?"

*

आईला त्या दिवशी त्या खोलीतल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होते, आणि म्हणून ती सगळ्यांत कमी बोलत होती.

सकाळी इस्पितळात रजा मागायला गेली असताना ती आक्काच्या वॉर्डात डोकावली होती. तिथल्या वयस्कर परिचारिकेने तक्ता तिच्यापुढे धरला, दोन आकड्यांवर बोट ठेवले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "घरच्यांना सांगून ठेव." असे वाक्य तिने स्वतः किती घरच्यांना सांगितले होते. त्याचा अर्थ काय, हे तिला शिकवायची गरज नव्हती. वन्सं आता या घरी परत येणार नव्हत्या. दोन दिवस, फार तर चार.

म्हणजे ज्या खोलीवरून भाऊ भावाशी वाद घालत होता, ती खोली कोणालाच लागणार नव्हती. तिने एवढे एक वाक्य उच्चारले असते तर पेटी वाचली असती, उरलेले नऊ धडे झाले असते आणि पोरीची दोन वर्षे वाया गेली नसती. ते वाक्य तिच्या जिभेवर आलेही. पण कसे म्हणायचे? पेटी मोडू नका, कारण वन्सं मरताहेत. ज्या बाईने आपली खोली दिली, तिच्या मरणाचा तोच एक उपयोग उरला होता का? तिने ओट्यावरचे कोरडे पातेले पुन्हा पुसायला घेतले.

तिने मुलीकडे पाहिले. मुलगी बापाकडे बघत होती.

*

टाळीचा नियम घरात सगळ्यांना ठाऊक होता. आवाजाचे काम करणारी माणसे वाचताना अडखळली किंवा बाहेरचा आवाज मध्ये शिरला, तर थांबत नाहीत. एक टाळी वाजवतात आणि तेच वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचतात. मग सगळे वाचून झाल्यावर संगणकाच्या पडद्यावर आवाजाची रेघ उमटलेली दिसते, त्यात टाळी एखाद्या काट्यासारखी उंच उभी असते. काटा शोधायचा, त्याच्या आधीचे बिघडलेले वाक्य कापायचे, पुढचे ठेवायचे. सोपे काम.

पेटी जाड होती, तरी टाळी बाहेर बारीकशी ऐकू येई. सुरुवातीला घरात तिची गंमत वाटली. मग हळूहळू तिचा वचक बसला. टाळी आली म्हणजे आपण केलेला आवाज आत पोचला, पोरीचे वाक्य बिघडले, आता जागचे हलायचे नाही. काकू एकदा आली असताना तिला ठसका लागला. लगेच टाळी ऐकू आली. बिचारी तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तशीच बसून राहिली आणि नंतर सगळे पोट धरून हसले. सगळ्यांत जास्त आत्या हसली होती.

गुरुवारच्या तीन तासांत बारा टाळ्या होत्या. अकरा काटे मुलीने शुक्रवारीच कापले. पहिल्याला तिचा हात लागला नव्हता.

तेव्हा तिला काय वाटले होते? बादली पडली असेल, असे वाटले म्हणता आले असते. शेजारच्यांचे काही असेल, असेही म्हणता आले असते. दोन रात्री ती तेच स्वतःला सांगत होती. पण खरे असे, की तिला काहीच वाटले नव्हते. वाक्य बिघडले, एवढेच वाटले होते. हात आपोआप उचलले गेले होते. दोन वर्षे घासून घासून जे शिकायचे, ते ती पुरते शिकली होती.

आत्याने डॉक्टरांना आत्ताच म्हटले. वडील सगळे स्वतःच्या अंगावर घेत होते. तिने नुसते गप्प राहायचे होते, आणि गप्प राहण्याची तर तिला सवय होती.

ती पेटीत गेली, संगणक उचलून आणला आणि घंटेशेजारी टेबलावर ठेवला.

"हे काय?" काकाने विचारले.

"तुम्ही वेळ विचारत होतात ना, काका."

तिने कळ दाबली. खोलीत तिचाच आवाज आला. घरात कोणी ऐकला नव्हता इतका मोकळा, गोड, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. शाळेतल्या विज्ञानाचा धडा होता. "पाणी नेहमी उताराकडे जाते. पाण्याला उतार मिळाला नाही, तर ते..."

मग एक धप्प. फार मोठा नाही. आणि त्याच्या मागोमाग, भिंतीपलीकडून, अर्धा शब्द. "साळुं..."

टाळी.

थोडी शांतता. आणि मग तोच आवाज, तितकाच गोड, आता थोडा अधिक सावकाश: "पाण्याला उतार मिळाला नाही, तर ते जागच्या जागी थांबते आणि वाट पाहते."

तिने थांबवले.

वडिलांनी डोळे मिटून घेतले होते. काकाने सवयीने पडद्याच्या कोपऱ्यातली ध्वनिमुद्रणाची वेळ वाचली. आपण वाचतोय हे त्याला वाचून झाल्यावर कळले.

"दहा वाजून बारा मिनिटं."

"हो."

"आणि तू बाहेर आलीस सव्वा वाजता."

"हो."

वजाबाकी कोणी मोठ्याने केली नाही.

"पुढे?" वडिलांनी विचारले. "पुढे हाका मारल्या का तिनं?"

"नाही. मी सगळं ऐकलं बाबा. तीन वेळा ऐकलं. आवाज वाढवून ऐकलं. टाळीनंतर काही नाही. कण्हणंसुद्धा नाही."

ते कळायला काकूलाच सर्वांत कमी वेळ लागला. तिने तोंडावर हात ठेवला, त्या दिवशी ठसका दाबताना ठेवला होता तसाच. "टाळी ऐकू आली असणार त्यांना," ती म्हणाली. "म्हणून गप्प राहिल्या."

काका उठला. पुतणीला तो काय बोलणार, या धास्तीने आई ओट्यापासून पुढे झाली. पण त्याने खिशातून लहान चिमटा काढला, घंटेच्या जिभेवरची सुतळी उकलली, बनातीचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. मग घंटा आवाज होऊ न देता, दोन्ही हातांनी, अलगद खाली टेकवली. दोन वर्षांत त्या घरात सगळ्यांनाच आवाज न करण्याची सवय लागली होती. आज ती त्यालाही लागली.

"मी पेटी काढतो," वडील म्हणाले.

"मी मदत करते," मुलगी म्हणाली.

आईने तोंड उघडले. नवऱ्याने, दिराने, मुलीने, सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. नको, राहू दे, असे काहीतरी ती म्हणेल अशी त्यांची समजूत झाली असावी. पोरीच्या बाजूने बोलणारी आता तीच तेवढी उरली होती.

"आधी रजया काढा," ती म्हणाली. "फळ्या नंतर. धूळ उडेल."

*

दोन तास ते काम चालले. एकेकाळी तीन वर्षे न बोललेले आणि सकाळी भांडायला बसलेले भाऊ एकेका फळीची दोन टोके धरून अंगणात नेत होते. तिरकी कर, जरा वर घे, एवढेच बोलणे होई. पहिला स्क्रू कुठला काढायचा हे वडिलांना अखेरपर्यंत सुचले नाही. काकाने खाली वाकून पाहिले आणि दाखवले. बारीक गोष्टी उलगडायचे काम त्याचे होते.

काकू रजया उन्हात झटकत होती. मुलीने काम देणाऱ्या कंपनीला दोन ओळी लिहिल्या, की घरातल्या अडचणीमुळे उरलेले धडे करता येणार नाहीत. तिसरी रजई गुंडाळून व्हायच्या आत उत्तर आले. ठीक आहे, दुसऱ्या आवाजाची व्यवस्था करतो, सगळे धडे एकाच आवाजात हवेत म्हणून आधीचे वापरता येणार नाहीत, कळावे. दोन वर्षांत इतक्या लवकर आलेले ते पहिले उत्तर होते.

तिने ते आईला दाखवले. आईने वाचले आणि परत दिले. तिला जे बोलायचे राहून गेले होते, त्याचा आता उपयोग नव्हता. आता ते बोलायला हरकत नव्हती, आणि म्हणूनच तिला ते बोलवेना. तिने खोलीचा केर काढला. फरशी दोनदा पुसली आणि कोरड्या फडक्याने पुन्हा पुसली. पलंग आणून लावला. उशाशी घंटा ठेवली. येणाऱ्या माणसासाठी लावतात तशी चादर तिने लावली, कोपरे दुमडून, सुरकुती न ठेवता.

"वन्संना आवडेल," काकू दारातून म्हणाली.

"हो," आई म्हणाली.

*

पाच वाजता भेटीची वेळ सुरू झाली. पलंगाशी एका वेळी दोनच माणसांना परवानगी होती. वडील आणि काका बाहेर बाकावर बसले, शेजारी शेजारी, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

आत्याच्या नाकातोंडावर प्राणवायूची वाटी होती. ती दिवसभरात आणखी लहान झाल्यासारखी दिसत होती. मुलीला पाहून तिने वाटी हाताने बाजूला केली. आईने ती परत लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"पेटी काढली आज," मुलगी म्हणाली. "तुझी खोली तुला केली."

"वेडी आहेस," आत्या म्हणाली. एकेक शब्दाला तिला श्वास घ्यावा लागत होता. "धडे?"

"आत्या, मला ऐकू आलं होतं. गुरुवारी. तू पडलीस ते."

"ठाऊक आहे मला. टाळी आली की."

आईने पायाशी उभे राहून चादर धरून ठेवली होती.

"मग पुन्हा हाक का नाही मारलीस?"

आत्याने थोडा वेळ छताकडे पाहिले. पहिलीतल्या मुलाने सोप्या गणिताचे उत्तर विचारावे, तसे.

"एकदा बिघडवलं होतं ना तुझं वाक्य," ती म्हणाली. "किती वेळा बिघडवायचं. म्हटलं, होईलच एवढ्यात." मग बराच वेळ नुसता श्वास. "वेळ लागला जरा."

मुलीने तिचा हात धरला. हात तापलेला आणि कोरडा होता. या हातातल्या छडीने त्याच घरात, त्याच खोलीत, पाच वर्षांच्या साळुंकीला ओळीखाली एकेक शब्द दाखवून वाचायला शिकवले होते. छडी कधी लागली नव्हती. वाक्याचा शेवट खाऊ नये, एवढी एकच गोष्ट आत्या हजार वेळा सांगे. पहिल्या बाकावरच्या मुलाला सगळे ऐकू येते, शेवटच्या बाकावरच्याला शेवटचा शब्दच पोचत नाही, आणि बहुतेक वाक्यांचे सगळे सांगणे शेवटच्या शब्दात असते.

"दुसऱ्यांदा नीट आलं का गं?" आत्याने विचारले.

"काय?"

"वाक्य."

"आलं."

"म्हण बघू."

मुलीने आईकडे पाहिले. आईने होकाराची मान हलवली. तेवढ्याने मुलीला सगळे कळले. आईने दिवसभर जे पोटात ठेवले होते, ते त्या मान हलवण्यात होते.

"पाण्याला उतार मिळाला नाही," मुलगी म्हणाली, "तर ते जागच्या जागी थांबते आणि वाट पाह..."

"खाल्लास शेवट," आत्या म्हणाली. "पुन्हा."

मुलीचे दोन्ही हात आपोआप वर आले, छातीसमोर, एकमेकांकडे. टाळी वाजायच्या आधी तिने ते थांबवले. ते तसेच जुळून राहिले. शेजारच्या पलंगावरची बाई त्या दोघींकडे बघत होती.

तिने वाक्य पहिल्यापासून म्हटले. आवाज चिरत होता, आणि असा नमुना कुठेही पाठवला असता तर कोणी उत्तर दिले नसते. पण शेवटचा शब्द तिने पुरा म्हटला.

आत्याने डोळे मिटून घेतले होते. आईने वाटी उचलून पुन्हा नाकावर बसवली. शेवटचा शब्द पोचला की नाही, हे मुलीला कळले नाही, म्हणून थोडे वाकून, जरा सावकाश, तिने ते वाक्य आणखी एकदा सुरुवातीपासून म्हटले.